आधी गोळी, मग आरती

॥ श्री गणेशाय नमः ॥
॥ श्री गुरुदेव दत्त ॥



कालभैरव अष्टमी जवळ आली. आपल्या पंचांगात ती कार्तिक वद्य अष्टमी, इकडे माळव्यातल्या पंचांगात मार्गशीर्ष कृष्ण अष्टमी. तिथी तीच, महिन्याचं नाव तेवढं वेगळं. त्या दिवशी शिप्रेकाठी भैरवगढला पाय ठेवायला जागा नसते. भैरवनाथांचं वाहन कुत्रा, म्हणून त्या दिवशी गावातल्या कुत्र्यांनाही मान. कुणी जिलबी घालतं, कुणी इमरती, कुणी दुधात कुस्करलेली पोळी. दुसऱ्या दिवशी त्याच कुत्र्याला दारातून हाकलतात, ही गोष्ट निराळी!

महाराजांनी यंदा आम्हाला सांगितलं, "अष्टमीचं चिंतन तुम्ही लिहा. तुमच्या घरात आहे ना भैरवाचा एक पाहुणा. जे घडलं ते लिहा. चुकलात तेही लिहा." आज्ञा झाली म्हणून लिहितो आहोत.

*पाहुणा कसा आला*

आमच्या आत्याबाईंचं सासर सातारा जिल्ह्यात. तिकडे जत्रेत बैलगाडीच्या शर्यती होतात, तशा कुत्र्यांच्याही होतात. ग्रेहाउंड जातीची कुत्री. उंच, सडपातळ, पोट पाठीला लागलेलं. ही जात ऐन वेगात तासाला साठ-पासष्ट किलोमीटरने पळते. पुढे दोरीला बांधलेला खोटा ससा ओढत नेतात आणि कुत्री जीव तोडून त्याच्यामागे धावतात. तो ससा कुणाच्याच हाती लागायचा नसतो. यावर महाराजांनी कितीदा तरी सांगितलंय, आपलं सगळ्यांचं तेच चाललंय, म्हणून ते इथे वाढवत नाही.

त्यातल्या एका कुत्र्याचं नाव होतं तुफान. तीन वर्षं पळाला, बक्षिसं आणली. मालक शेतकरी, माणूस वाईट नव्हे. स्वतः ताक पिऊन कुत्र्याला दूध-अंडी घातली त्याने. पण चौथ्या वर्षी तुफानला फेफरं यायला लागलं. फेफरं येणारा कुत्रा शर्यतीत चालत नाही, आणि जो पळत नाही त्याचा खुराक परवडत नाही. मालकाने काही लपवलं नाही. आत्याबाईंना स्वच्छ म्हणाला, "काकू, ह्येला फेफरं येतं. कुणी नेत असंल तर द्या. माझ्यानं बघवत न्हाई."

नेमकं त्याच महिन्यात महाराजांचं भूतदयेवरचं प्रवचन झालं होतं. आम्ही भरात होतो. म्हणालो, आम्ही आणतो. गाडीने दीड दिवसाचा प्रवास करून तुफान फ्रीगंजमधल्या आमच्या घरी आला.

आल्यावर काय? दिवसभर झोप! आम्हाला वाटलं होतं हा घर डोक्यावर घेईल. पण या जातीची कुत्री थोडा वेळ पळतात आणि बाकीचा वेळ लोळतात. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, म्हणून फरशी टोचते. गादी लागते, थंडीत अंगात झूल लागते. जिना म्हणजे काय ते त्याला ठाऊकच नव्हतं. पहिल्या पायरीशी तासभर उभा राहिला. आमची आजी म्हणाली, "कसलं तुफान! हा तर शांताराम." तेव्हापासून घरात शांताराम हेच नाव.

नाव ठेवलं तरी आजीचा विरोध होताच. सोवळं-ओवळं, देवघर, स्वयंपाक. "अंगणात काय ते करा, उंबऱ्याच्या आत नको." महाराज एकदा घरी आले होते, तेव्हा आजीने तक्रार केली. महाराज देवघराकडे बघत म्हणाले, "आई, दत्तगुरूंच्या पायाशी चार बसलेत, त्यांना रोज हळद-कुंकू वाहता. तसबिरीतले चार चालतात, मग पाचव्याने काय केलंय?" आजी काही बोलली नाही. पण त्या रात्रीपासून शांतारामची गादी उंबऱ्याच्या आत आली.

*पहिली रात्र*

मग ती रात्र आली. पहाटेचे तीन वाजले असतील. फरशीवर खडखड आवाज. दिवा लावून बघतो तर शांताराम आडवा पडलेला, मान ताठ, जबडा घट्ट, तोंडाला फेस, कपड्यात लघवी झालेली, आणि चारही पाय धावताहेत. पडल्या जागी, जोरात. शर्यत सुटलेली नाही, समोर ससा नाही, तरी पाय धावताहेत. आमच्यातल्या एकाला रडू फुटलं. दुसरा चमचा घेऊन धावला, दात उघडायला. तिसरा म्हणाला कांदा हुंगवा. कुणाला काही कळत नव्हतं.

दोन मिनिटांत थांबलं सगळं. आम्हाला दोन तास वाटले. उठला तेव्हा डोळे उघडे पण दिसत नसावं, भिंतीला धडकत फिरत होता. आम्हालाही ओळखेना. आम्ही हात पुढे केला तर गुरगुरला. अर्ध्या-पाऊण तासाने आला, डोकं मांडीवर ठेवलं आणि झोपला.

महिनाभरात असं चार वेळा झालं. शेजारी-पाजारी बोलायला लागले. कुणी म्हणे बाधा आहे, कुणी म्हणे भैरवाचा कोप आहे, कुणी म्हणे घरात लहान मूल आहे, कशाला जोखीम. खरं सांगतो, आम्हीही थकलो होतो. एका रात्री जेवणं झाल्यावर सगळे बसलो आणि ठरवलं, परत पाठवू. भूतदया करून झाली. आता झेपत नाही.

गुरुवारी महाराजांकडे गेलो, परवानगी मागायला. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "परत म्हणजे कुणाकडे? पळत नाही म्हणून त्याने दिला. पडतो म्हणून तुम्ही देणार. तिसरा कोण काढलाय शोधून?"

आम्ही गप्प.

मग म्हणाले, "पळणाऱ्याला सगळे सांभाळतात रे. त्यात पुण्य कसलं? तुम्ही त्याला पळायला आणलंच नव्हतं. मग आता पडला तर तुमचं काय बिघडलं? आधी डॉक्टरकडे न्या. मग मला येऊन सांगा झेपतं की नाही."

आम्ही अंगारा मागितला. महाराजांनी दिलाही. देताना बजावलं, "अंगारा कपाळाला, गोळी पोटात. दोन्हींची जागा चुकवू नका."

*गोळीचा नेम*

महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदूरच्या पुढे. तिथे नेलं. रक्त तपासलं, यकृत, साखर, सगळं. दुसरं कारण सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या विजेचा खेळ आहे, क्षणभर सगळीकडे एकदम वीज उसळते. कुत्र्यांत असा आजार बहुधा सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होतो. मुळासकट जाईल अशी आशा धरू नका, पण आवरता येतो. फिनोबार्बिटोनची गोळी, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, बारा तासांचं अंतर. मनाने बंद करायची नाही, एकदम तर कधीच नाही, नाहीतर झटके उलटून येतात. ठराविक महिन्यांनी रक्तात औषध किती आहे आणि यकृत ठीक आहे ना, ते तपासायचं.

पहिले पंधरा दिवस शांतारामचे मागचे पाय लटपटायचे. पाणी किती प्यायचा, भूक किती! आजीच्या हातची पोळी ताटातून पळवली त्याने एकदा. पण हळूहळू बसलं. आम्ही एक वही केली. तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय झालं होतं. पहिल्या वर्षी त्या वहीत अकरा नोंदी आहेत. दुसऱ्या वर्षी चार. यंदा आजपर्यंत दोन.

काही जण विचारतात, "म्हणजे महाराजांच्या कृपेने बरा झाला ना?" नाही हो. बरा झाला नाही. तो आजारी आहे आणि आमच्यात राहतो. कृपा झाली ती आमच्यावर.

*सवारीचा सोमवार*

आता चूक सांगतो.

मागच्या वर्षीचा श्रावण. महाकाळाची सवारी सोमवारी निघते हे आपण जाणताच. दुपारी मंदिरातून निघते, रामघाटावर शिप्रेचं पूजन होतं, आणि मग गावातून परत. सकाळपासून घरात उपास, अभिषेक, पाहुणे, धांदल. सकाळची गोळी हिने दिली असेल असं त्याला वाटलं, त्याने दिली असेल असं हिला वाटलं. संध्याकाळी सगळे गोपाळ मंदिराच्या चौकात, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं ते मंदिर, तिथे पालखीची वाट बघत उभे. दर्शन काय सुंदर झालं! डोळे भरून आले. गर्दीतून घरी पोचायला साडेदहा झाले. फराळ केला आणि झोपलो. संध्याकाळची गोळीही राहिली.

पहाटे चारला शांतारामला झटका आला. सहाला दुसरा. डॉक्टरांच्या दारात पोचता पोचता तिसरा. चोवीस तासांत दोनदा झटका आला तरी डॉक्टरकडे न्यावं, आणि एकच झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर जिवावर बेततं, हे आम्हाला सांगितलेलं होतं. माहीत होतं आणि तरी घडलं. दिवसभर सलाईन. संध्याकाळी त्याने शेपूट एकदा हलवली, तेव्हा आमच्या घशाखाली पाणी उतरलं.

महाराजांना सांगायला गेलो. मान वर करवत नव्हती. महाराज म्हणाले, "सवारी बघितलीत ना? छान. महाकाळ पालखीतून गेला तो तुम्हाला दिसला. गादीवर पडून गोळीची वाट बघत होता तो नाही दिसला. देवाला हार उशिरा घातला तर चालतं, तो समजून घेतो. गोळी समजून घेत नाही. आजपासून घरात नेम करा, आधी गोळी, मग आरती."

तेव्हापासून संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे घंटेआधी गोळीची डबी वाजते. शांतारामलाही कळतं. डबी वाजली की येऊन उभा राहतो.

*अपस्मार आणि स्मरण*

गुरुबंधूंनो, या आजाराचा आपल्याकडचा जुना शब्द आहे अपस्मार. 'स्मार' म्हणजे स्मरण. स्मरण निघून जाणं म्हणजे अपस्मार. चरकसंहितेत याच्यावर निदानस्थानात वेगळा अध्याय आहे आणि चिकित्सास्थानातही आहे. म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांनी याचं निदान लिहिलं, औषधं लिहिली. ज्याला औषध लिहिलंय त्याला आपण बाधा म्हणून भगताकडे का न्यावं?

आणि एक गोष्ट बघा. नटराजाची मूर्ती सगळ्यांनी पाहिली आहे. एक पाय उचललेला, दुसऱ्या पायाखाली एक ठेंगणा माणूस पडलेला. त्याचं नाव अपस्मार पुरुष. तमिळ मुलखात त्याला मुयलकन म्हणतात. तो अज्ञानाचा, विसरण्याचा पुतळा. आता विचार करा, शिवाला त्याला मारून टाकणं अवघड होतं का? पण मूर्तीत तो मेलेला नाही. डोळे उघडे आहेत, मान वर आहे. शिवाने त्याला मारलं नाही, पायाखाली धरून ठेवलंय. नाच चालू आहे तोवर पाय त्याच्यावर आहे.

डॉक्टरांनी महूला जे सांगितलं ते आम्हाला इथे दिसलं. जाणार नाही, पण आवरता येईल. रोज पाय ठेवावा लागेल. एक दिवस पाय उचलला की तो उठतो. आपल्या साधनेचंही असंच नाही का? आपल्याला वाटतं, एक अनुष्ठान केलं, एक पारायण केलं, की राग गेला, अहंकार गेला. कुठला जातो! तो पायाखाली असतो. नेम चुकला की उठून बसतो. म्हणून तर महाराज रोजच्या एका माळेला एवढं महत्त्व देतात.

पण यातून कुणी उलटा अर्थ काढू नये. ज्याला फेफरं येतं तो अज्ञानी, पापी, असं मुळीच नाही. शांतारामचा मेंदू आजारी आहे, बस. त्या सोमवारी विसरला तो शांताराम नव्हता. विसरलो आम्ही. शास्त्रातला अपस्मार त्या दिवशी आम्हाला झाला होता.

*आजीची बयो*

आता जे लिहायचं ते आजीची परवानगी घेऊन.

शांतारामला झटका आला की आता आजी त्याच्याजवळ बसते. हात लावत नाही, माळ धरते. तिचा जप एका लयीत असतो. माळ संपली की ती मोठ्याने सांगते, "एक झाली." आम्ही घड्याळ बघतोच, पण आजीची माळही चुकत नाही. आम्हाला कळेना, जी आजी उंबऱ्याच्या आत घेत नव्हती तिला एवढं धैर्य कुठून आलं?

एका पहाटे झटका थांबल्यावर ती आपणहून बोलली. "आमच्या बयोला असंच व्हायचं."

बयो म्हणजे आजीची धाकटी बहीण. आमच्यातल्या कुणीही हे नाव ऐकलेलं नव्हतं. सत्तर वर्षांत एकदाही घरात निघालं नव्हतं. बयोला दहाव्या वर्षी फेफरं सुरू झालं. चप्पल हुंगवली, कांदा हुंगवला, भगत आणला, त्याने चाप मारले. शाळा सुटली. पाहुणे आले की तिला माजघरात कोंडायचे, थोरलीचं लग्न मोडू नये म्हणून. थोरली म्हणजे आमची आजी. एकदा चुलीशी एकटी असताना बयो पडली ती चुलीतच. महिनाभर होती, मग गेली.

आजी म्हणाली, "मी दार बाहेरून लावायचे. आई सांगायची म्हणून. आतून पाय आपटल्याचा आवाज यायचा. असाच." आणि शांतारामच्या पायांकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी घरात कुणी बोललं नाही. संध्याकाळी सातला आजीने स्वतः उठून गोळी दिली.

हे इथे लिहिण्याचं कारण आहे. आपल्या या गटात शेकडो घरं आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे, आणि नीट निदान होऊन औषध मिळालं तर शंभरातल्या सत्तरांपर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात. म्हणजे आपल्या घरांतही कुणीतरी असणार. कुठेतरी एक दार बाहेरून लावलेलं असणार. मुलीचं लग्न अडेल म्हणून गोळ्या लपवून खातात, कुणी बघेल म्हणून चुकवतात. हिंदू विवाह कायद्यातल्या अटींत पूर्वी वेडाबरोबर फेफऱ्याचाही उल्लेख होता. १९९९ साली तो काढून टाकला. कायद्याने दार उघडलं, आता आपण कधी उघडणार?

महाभारताच्या शेवटी धर्मराजाबरोबर एक कुत्रा चालत जातो. इंद्र रथ घेऊन येतो, म्हणतो तू चल, कुत्रा सोड. युधिष्ठिर म्हणतो, जो विश्वासाने मागे आला त्याला टाकून मला स्वर्ग नको. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म निघतो, हे आपण सगळे ऐकत आलो. पण महाराज एका गोष्टीकडे लक्ष वेधतात. नकार देताना युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हतं. त्याला दिसत होता तो फक्त एक कुत्रा. धर्म आहे म्हणून कळल्यावर कुणीही कवटाळेल. कळायच्या आधी जे कराल तोच धर्म.

बयोच्या वेळी कुणाला कळलं नाही. आपल्याला आता कळलंय.

*या अष्टमीचा नेम* 🙏

महाराजांच्या आज्ञेने सर्व घरांना विनंती:

१. माणूस असो की प्राणी, झटका आला तर तोंडात चमचा, बोट, काही घालू नका. जीभ गिळली जात नाही. कांदा, चप्पल नको. आजूबाजूच्या टोकदार वस्तू, विस्तव, पाणी दूर करा. माणसाला कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना.

२. थांबल्यावर ओळखलं नाही, गुरगुरला, तर वाईट वाटून घेऊ नका. शांत बसा. तो परत येतो.

३. घरात कुणाची रोजची गोळी असेल, फेफऱ्याची, रक्तदाबाची, साखरेची, कशाचीही, तर ती देण्याचं काम एकाच्या नावावर करा आणि डबी देवघराशेजारी ठेवा. आधी गोळी, मग आरती.

४. जे घर काही लपवून आहे, त्यांनी गटात लिहायची गरज नाही. जवळच्या सेवेकऱ्याला सांगा. डॉक्टरकडे सोबत कुणीतरी येईल.

५. अष्टमीला कुत्र्यांना जिलबी घालण्यापेक्षा साधी पोळी आणि स्वच्छ पाणी ठेवा. आणि नवमीलाही ठेवा.

हे लिहीत असताना शांताराम शेजारी गादीवर झोपला आहे. झोपेत पाय थोडे हलताहेत. आम्ही वाकून बघितलं. झटका नाही, स्वप्न आहे. बहुतेक पळतोय कुठेतरी. पळू दे. सातला दहा मिनिटं आहेत, आजी डबी घेऊन उठली आहे.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी. हे चिंतन आपल्या कुटुंबाच्या गटात जरूर वाचावे आणि वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे.

॥ श्रीसद्गुरुचरणार्पणमस्तु ॥
आपले,
उज्जैनचे सेवेकरी कुटुंब